आरामाचे बूट

आमच्या जिल्ह्यात बास्केटबॉल खेळणारी माणसं शोधावी लागतात, बास्केटबॉलचे बूट मात्र शोधावे लागत नाहीत. धाराशिवच्या बसस्टँडवर दहा मिनिटं उभं राहा. कॉलेजला निघालेली पोरं, मोबाइलच्या दुकानातला कामगार, मामाच्या लग्नाला निघालेला सातवीतला भाचा, कुणाच्या ना कुणाच्या पायात ते असतातच. जाड पांढरा तळ, पुढे बारीक भोकं, घोट्यापर्यंत चढलेली कातडी, बाजूला मोठी खूण. बहुतेक फर्स्ट कॉपी. त्यातही ‘सेव्हन ए’, ‘मास्टर’ अशा पायऱ्या आहेत आणि माझा धाकटा भाऊ लांबून नुसती शिलाई बघून पायरी सांगतो. तो पोलीस भरतीची तयारी करतो. सोळाशे मीटर पळतो ते वेगळ्या बुटात. जॉर्डन घालतो ते संध्याकाळी चौकात जायला.

खरं तर आमचा खेळ खो-खो. सारिका काळे इथलीच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या भारताच्या महिला संघाची ती कर्णधार होती, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. शाळेत असताना आम्ही सगळ्या खो-खो खेळायचो, मातीवर, अनवाणी. खांब सोडून पळताना तळव्याला माती कुठं भुसभुशीत आहे, कुठं पाणी मारून दाबलेली आहे, हे कळायचं. खो-खोला स्वतःचा असा जोडाच नव्हता. त्यामुळे पुढे कुणी त्याची मऊ, आरामदायी आवृत्ती काढायचा प्रश्नही आला नाही.

बास्केटबॉलचं तसं नाही. त्या खेळाचा प्रत्येक गाजलेला बूट कधी ना कधी मैदान सोडून रस्त्यावर आला आणि रस्त्यावर आल्यावर मऊ झाला. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ चा. कापडाचा वरचा भाग आणि खाली रबर, बस्स. चक टेलर नावाच्या खेळाडूने तो गावोगाव फिरून विकला आणि पुढे त्याचं नावच बुटावर आलं. १९८२ मध्ये नायकीचा एअर फोर्स वन आला, तेव्हा बास्केटबॉलच्या बुटाच्या टाचेत पहिल्यांदा हवेची पिशवी बसली. ही हवेची कल्पना फ्रँक रूडी नावाच्या विमान-अवकाश क्षेत्रातल्या इंजिनिअरची. मग १९८५ मध्ये एअर जॉर्डन वन, किंमत पासष्ट डॉलर. उडी मारून खाली येणाऱ्या मोठ्या देहाच्या माणसाचा घोटा मुरगळू नये म्हणून वर चढलेली कातडी, झटक्यात दिशा बदलताना पाय सरकू नये म्हणून घट्ट पकड आणि रुंद रबर. भावाच्या पायात हे सगळं आहे. तो त्यात टपरीवर उभा राहून चहा पितो.

या बुटाची एक गोष्ट भावानेच मला सांगितली. ‘द लास्ट डान्स’ ही मालिका त्याने लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर पाहिली होती. ८ मार्च १९९८. मायकेल जॉर्डन न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळणार होता. इथला हा आपला शेवटचा सामना असेल असं वाटून त्याने कपाटातले जुने, तेरा वर्षांपूर्वीचे जॉर्डन वन काढले आणि घातले. पाऊण रस्ता पार व्हायच्या आत पाय सोलले. मध्यंतरापर्यंत मोजे रक्ताळले होते. तरी त्याने ते काढले नाहीत, बेचाळीस गुण केले आणि सामना संपल्यावर कधी एकदा पाय मोकळे होतात असं त्याला झालं. ज्याच्या नावाचा बूट, त्यालाच तो चावला. मधल्या तेरा वर्षांत बूट बनवण्याचं शास्त्र पुढे गेलं होतं आणि पायाला त्याची सवय झाली होती.

आता कंपनीच त्या जॉर्डन वनची ‘आरामाची’ आवृत्ती विकते. नावात सीएमएफटी अशी अक्षरं असतात, म्हणजे ‘कम्फर्ट’मधले स्वर आणि ‘आर’ काढून टाकलेले. बाहेरून ठेवण तीच. आत मात्र गळ्याभोवती जाड फोम, मऊ जीभ, तळात हलका फोम आणि ‘झूम’ हवेची पातळ पिशवी. तिच्या आत ताणलेले धागे असतात, ते दाबले जातात आणि परत ताठ होतात. कॉन्व्हर्सनेही २०१५ मध्ये आपल्या जुन्या बुटात नायकीचा मऊ तळ घालून ‘चक टू’ काढला होता. तो फारसा चालला नाही, लोक परत जुन्या कडक चककडे गेले. म्हणजे बूट मऊ केला की लोक घेतातच असं नाही. आपण आजारी किंवा म्हातारे दिसू नये, बूट मूळचाच दिसावा आणि पायाला मात्र कळू नये, एवढं सगळं जमावं लागतं. ही गोष्ट मला तेव्हा दुकानदारीची वाटली होती. ती आईच्या पायाशी येऊन पोचेल असं वाटलं नव्हतं.

मी पुण्यात एका कपड्यांच्या शोरूममध्ये काम करते. कुठल्या, ते राहू द्या. नऊ तास उभं राहायचं. स्टूल आहे, पण ते गिऱ्हाइकासाठी. पायात काळे बंद बूट, तसा नियम आहे. संध्याकाळी सातनंतर पायाचे पंजे गरम होतात, आठनंतर टाचा बोलायला लागतात. केरळमध्ये दुकानात काम करणाऱ्या बायकांनी ‘बसायचा हक्क’ मागितला, त्यासाठी आंदोलनं केली आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात तो आला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच बदल केला. हे वाचलं तेव्हा मी मागच्या स्टोअररूममध्ये खोक्यावर बसले होते आणि दारावर लक्ष ठेवून होते.

२०२४ च्या जुलैमध्ये सेल लागला आणि मी ते आरामाचे जॉर्डन घेतले. ओरिजनल. बारा हजारांना थोडे कमी. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, म्हणजे बूट झाले जवळजवळ अडीच क्विंटलचे. तेही हमीभावाने, बाजारात आमच्या सोयाबीनला तेवढा भाव लागला नाही. हा हिशोब मी मांडला नव्हता. फोनवर भावाने मांडला आणि मग म्हणाला, “ताई, पण भारी घेतलेस.” गंमत अशी की जिथे पाय दुखतात तिथे ते बूट घालायची परवानगी नाही. आठवडाभर कडक बुटात उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी कॅफेत बसायला आरामाचे बूट घालायचे.

आता आईचं.

आईला शुगर आहे, नऊ-दहा वर्षं झाली. गोळ्या घेते, कधी संपल्या तर दोन दिवस घेत नाही. आणि दरवर्षी आश्विनात ती तुळजापूरला चालत जाते. कोजागरीच्या आदल्या रात्री गावातल्या बायका निघतात. सोलापूरकडून, कर्नाटकातून लाखो लोक त्या दिवसांत चालत येतात, सगळे रस्ते माणसांनी भरलेले असतात. आई अनवाणी जाते. भावाच्या वेळचा नवस होता. तो कधीच फिटला, पण चालणं राहिलं.

२०२३ ला ती चालून आली, दोन दिवस झोपली आणि तिसऱ्या दिवशी शेतात गेली. चौथ्या दिवशी भावाला फरशीवर डाग दिसले. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत, एका पावलाआड एक. त्याला वाटलं कुंकू सांडलं. आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड येऊन फुटला होता आणि त्यात एक बारीक खडा रुतून बसला होता. चार दिवस ती त्या खड्यावर चालत होती. तिला काही कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले. त्यांच्याकडे पेनाएवढी काडी होती आणि तिच्या टोकाला नायलॉनचा तंगूससारखा धागा. तो तळपायाला टेकवायचा, जरासा वाकेपर्यंत दाबायचा. कळलं की ‘हो’ म्हणायचं. आई डोळे मिटून बसली होती, देवासमोर बसावं तशी. डॉक्टर धागा टेकवत होते. टाचेला टेकवला तेव्हा ती ‘हो’ म्हणाली. मग अंगठा, मग करंगळीखाली, मग मधोमध. ती गप्प. मी समोर उभी होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आई, हो म्हण. जरा वेळाने तिनेच विचारलं, “कधी लावताव?”

“दुखत नाही हीच तर अडचण आहे मावशी,” डॉक्टर म्हणाले.

भावाची जॉर्डनची गोष्ट मला तेव्हा आठवली. त्याचे पाय रक्ताळले, पण प्रत्येक पावलाला त्याला ते कळत होतं. बूट काढायचे की नाही हे तो ठरवू शकत होता. आईच्या पायाने तिला विचारलंच नाही.

जखम भरायला दोन महिने लागले. बोट वाचलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: एमसीआर चप्पल. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बारीक बारीक बंद फुगे असलेलं रबर. दाबलं की बसतं, पण पिठासारखं सपाट होत नाही. पावलाचं वजन एका जागी साचू देत नाही, पसरवतं. या रबराची गोष्ट मी नंतर शोधून वाचली. तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते, जन्म भारतातलाच, १९१४ चा. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने झडतात असं तेव्हा सर्रास समजलं जायचं. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग नसा मारतो, दुखणं बंद होतं आणि मग माणूस जखमेवरच चालत राहतो. बोटं जातात ती त्यामुळे. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बधिर पायांसाठी चपला बनवायला घेतल्या, वेगवेगळी रबरं तपासली आणि एमसीआर त्यांच्या कामाला आलं. पुढे तीच चप्पल मधुमेहाच्या पायांना आली. आपल्या देशात पायाखालच्या मऊपणाचा एवढा बारीक विचार आधी झाला तो असा, दुखणं हरवलेल्या माणसांसाठी.

आपल्या बोलण्यातही आराम असाच येतो. “आता आराम पडला का?” असं आपण आजाऱ्यालाच विचारतो. धडधाकट माणूस आराम करत असेल तर त्याला आपण वेगळं काहीतरी म्हणतो. बाई असेल तर आणखी वेगळं.

चप्पल आणली. सातशे-आठशेची, काळी, जाड, वर वेल्क्रोचे रुंद पट्टे. आईने दोन दिवस घातली आणि दाराच्या मागे ठेवून दिली. नळावर तिघींनी विचारलं होतं, पायाला काय झालं? एकीने तर सांगितलं की अशी चप्पल तिच्या माहेरी रगतपिती झालेल्या माणसाच्या पायात असायची. आई एवढंच म्हणाली, “मला काय झालंय तवा?” आणि परत जुनी, टाच झिजलेली स्लिपर.

मला राग आला होता. पण बाईच्या पायातल्या वस्तूकडे गाव कसं बघतं ते मलाही माहीत आहे. माझी आजी चावडीवरून जाताना वहाणा हातात घ्यायची. पारावर मोठी माणसं बसलेली असत आणि सुनेने त्यांच्यासमोरून वहाणा घालून जायचं नसे. काही वस्त्यांतल्या माणसांना तर, बाई असो की बुवा, गावात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्या हातातच धराव्या लागत. ‘पायातली वहाण पायातच बरी’ हे तर बायकांकडे बघूनच म्हटलं जायचं. अशा गावात पायात काय घालावं ही कधीच नुसती पायाची गोष्ट नसते. आईला दुखणं लपवायचं नव्हतं, ते तिला होतच नव्हतं. तिला दुखण्याची पाटी गळ्यात नको होती.

पोळ्याला मी घरी गेले ते ते बूट घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अंगणात आई. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, हातात खराटा आणि पायात माझे जॉर्डन. नाडी न बांधता, आत खोचून. बापाची वहाण लेकाच्या पायाला यायला लागली की त्याच्याशी मित्रासारखं वागावं, असं आपल्याकडे म्हणतात. मायलेकींच्या मापाबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. आमचं माप एकच निघालं.

“गादीवर चालल्यासारकं हाय,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “शेजारची इचारत हुती. म्हनलं पोरीचे घातलेत, हौस म्हनून.”

हौस. हा शब्द मी धरून ठेवला. दवाखान्याची चप्पल घातली तर गाव विचारतं काय झालं, लेकीचे महागडे बूट घातले तर गाव हसतं आणि सोडून देतं. हौसेला कुणी औषध विचारत नाही.

बूट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं ते हसतील. त्यांनी आत हात घातला, शिलाया चाचपल्या, तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. मागून टाच धरतो, पुढून बोटं झाकतो, तळ जाड आहे, हे ठीक. पण पुढचा भाग निमुळता आहे, बोटांना जागा पाहिजे. आणि हा फोम मऊ आहे, पण मऊ म्हणजे योग्य असं नाही. फार मऊ असला की काही महिन्यांत बसतो आणि पाय जिथे जोरात टेकतो तिथे खड्डा पडतो. निरोगी पायाला ते कळतं, तो आपोआप वजन हलवतो. या पायाला कळणार नाही. शेवटी त्यांनी तोडगा सांगितला: एक माप मोठा बूट, आतला तळवा काढून एमसीआरचा बसवा, सुती मोजे, सुरुवातीला दिवसाला दोन तास. आणि घालायच्या आधी दर वेळी आत हात फिरवायचा.

माझे बूट ऑनलाइन ग्रुपवर विकले, खोटेनाटे पाच जण भाव पाडून गेल्यावर सहाव्याने घेतले. त्यात भर घालून तेच, एक माप मोठे घेतले. पांढरे मळतात म्हणून आईने करडे निवडले. एमसीआरचा तुकडा सोलापूरहून मागवला. धाराशिवला गटईचं काम करणारे एक काका आहेत, त्यांनी मूळ तळवा बाहेर काढला, त्यावरून कागदावर नक्षा घेतला, रापीने रबर कापलं आणि कडा घासून घासून अशा उतरवल्या की बोटाला शिवण लागू नये. काम करता करता विचारलं, “केवढ्याचे?” मी सांगितलं. त्यांनी कंपनीचा फोमचा तळवा अंगठ्याने दाबून पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, “ह्यो इकडं माझ्या बसायच्या पाटावर टाकतो.” मजुरी घेतली ऐंशी रुपये.

राहिलं तुळजापूर. अनवाणी जायचं नाही, रात्रभर चालायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला वाटलं आई ऐकणार नाही. पण तिने आपली वाट काढली. भवानीमातेची मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. त्यातली एक निद्रा दसऱ्याची. सीमोल्लंघन झालं की देवी निजते आणि आश्विन पौर्णिमेला परत सिंहासनावर बसते. लढाईनंतरची ही श्रमनिद्रा. तिच्यासाठी पलंग नगरहून येतो. “देवी दमती, निजती, तिचा पलंग लोक खांद्यावर आनत्यात,” आई म्हणाली. “मग मी येष्टीनं गेले तर काय बिगाडलं?”

तर २०२४ च्या कोजागरीला ती एसटीने गेली, तुळजापूर पाच-सहा किलोमीटर राहिलं तिथे उतरली आणि पुढे बायकांबरोबर चालली. सहावारी हिरवी साडी आणि खाली करडे जॉर्डन. मी बरोबर होते, माझ्या पायात भावाची फर्स्ट कॉपी, तीन मोजे घालून. रस्त्यात तिने दोनदा थांबून बूट काढले, आत हात फिरवला, झटकले, परत घातले. एका बाईने विचारलं, “काय शोधतीस गं?” आई म्हणाली, “खडा.” महाद्वाराजवळ चपला ठेवणाऱ्या पोराने बूट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. “मावशी, ओरिजनल हायत का?” “पोरगीला इचार,” आई म्हणाली आणि जाड मोजे घालून आत गेली. पोराने ते दुसऱ्या चपलांत न टाकता वर, खिळ्याला वेगळे टांगले.

तो बूट आईच्या शुगरवर इलाज नाही. गोळ्या अजूनही कधीतरी संपतात आणि दोन दिवस राहतात. तळव्याला गेलेली जाणीव परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. दर काही महिन्यांनी आतलं रबर बदलावं लागेल, दर वेळी सोलापूरहून. आणि मी अजून त्याच शोरूममध्ये, त्याच काळ्या बुटांत उभी असते.

पण रोज रात्री नऊच्या सुमारास, मी शटर ओढायला मदत करत असताना, फोन थरथरतो. भाऊ आईच्या तळपायाचे फोटो पाठवतो, उजवा आणि डावा, ट्यूबलाइटच्या उजेडात. टाचेच्या भेगा, अंगठ्याखालची जुनी, गुळगुळीत खूण. मी दोन बोटांनी फोटो मोठा करते, बोटांच्या बेचक्या बघते, कडा बघते. तिला जे कळत नाही ते मी इथून बघते. काही नसेल तर अंगठा पाठवते. मग आईचा व्हॉइस मेसेज येतो, रोज तोच, “आता तू बस जरा.”